भत्त्याची चौकशी

बेकारभत्ता मला मिळाल्यातच जमा होता, पण आडवे आले ते आमचे आबाच.

बी.कॉम. होऊन मी आष्ट्यात आमच्याच भांड्यांच्या दुकानात राबत होतो. तरी आबा उठता-बसता म्हणायचे, "एवढं शिकून बेकार फिरतंय!" म्हटलं, बेकार तर बेकार. सुशिक्षित बेकारांना भत्ता निघाला होता, त्यासाठी आबांना न सांगता अर्ज टाकला. घरच्या धंद्यात काम करणाऱ्याला मात्र तो मिळत नव्हता.

एक दिवस टेरिलीनची पँट घातलेले एक गृहस्थ सांगलीहून दुकानात आले. मी मागच्या बाजूला तांबे घासत होतो. आबांना म्हणाले, "तुमच्या मुलाची चौकशी करायची होती. काय करतो तो?"

आबांना वाटलं, मुलीकडचा पाहुणा! ते एकदम सरसावले.

"आवं, सगळं दुकान त्योच बघतोय! खरेदी त्यो, विक्री त्यो. म्या निस्ता गादीवर बसतो."

"म्हणजे बेकार नाही?"

"बेकार? आमच्या घराण्यात कोण न्हाई!"

मी मागून खाकरून खाकरून घसा फोडला. "पोरगं लाजतंय," असं म्हणत आबांनी घरातून पोहे मागवले.

पोहे खाऊन साहेब उठले. "मग बेकारभत्ता काही मिळायचा नाही," एवढं बोलून चालते झाले.

मी भडकलोच. "सगळं दुकान मीच बघतो ना, आबा? मग द्या गल्ल्याची किल्ली!"

"अरं, ते सोयऱ्याला सांगायचं असतंय," आबा म्हणाले. "जा, तांबे घास."