मुरलेल्या ढेपेचा आवाज

—नाही हो बाई, सडणारच ती चीजची ढेप. फ्रीजमध्ये ठेवलीत ना, तीही दुकानातल्या प्लास्टिकसकट, मग बुरशी धरणार नाही तर काय करणार बिचारी. बसा. शाळेत पोरांना एवढं शिकवता आणि हे माहीत नाही — असू दे, तुम्ही काल्यारीच्या, शहरातल्या, तुमचा काय दोष. मेंढीच्या दुधाची कोवळी ढेप दुकानातनं आणायची, मीही तीच आणते, मेंढ्या विकल्यापासनं — प्लास्टिक सोलायचं, मिठाच्या पाण्यानं पुसायची, तळघरात फळीवर ठेवायची, रोज उलटायची, पंधरा दिवसांनी तेलाचा हात फिरवायचा. आठ महिने. दुकानातलं चीज मुरत नाही म्हणतात ना, सगळ्या गप्पा, चांगलं मुरतं. कसं ओळखायचं? सुरी लावायची नाही, पेरांनी ठोकायचं. कोवळी ढेप कणकेच्या गोळ्यासारखी गप्प बसते, मुरली की टणक बोलते, इथं वर स्वयंपाकघरात ऐकू येते. चवीला? चव नका विचारू, तीन वर्षं झाली, तुकडा तोंडात घातला नाही मी. वाजवून झाल्या की देऊन टाकते.

ही ठोकायची खोड आमच्या बोबोरेची, माझ्या नवऱ्याची. जेवायच्या वेळेलाच तळघरात उतरायचा, आणि बसला ठोकत — टक टक, पुढची ढेप, टक टक. त्या दिवशीही तेच. मी ओरडले, बोबोरे, पुरे कर, शेंगा निवतायत. थांबला, परत ठोकायला लागला. मी म्हटलं, ठोक बाबा, तुझं लग्न त्या चीजशीच झालंय. आणि माझं ताट वाढून घेतलं. जेवले मी, बाई. पावानं ताट पुसून खाल्लं, धुतलं. ठोकणं थांबलं तेव्हा म्हटलं, आला एकदाचा शुद्धीवर — आणि वाट बघत बसले. पायरीवरनं घसरला होता हो. कंबर मोडलेली, तोंडातनं आवाज फुटत नव्हता, हाताशी एक ढेप पडलेली, तिच्यावर ठोकत होता. पेरं सोलली होती त्याची. गावाला मी सांगितलं, पडल्या पडल्या गेला. आमच्या असुंतालाही, पोटच्या लेकीलाही, तेच सांगितलंय. तुम्हाला कशी बोलून गेले कोण जाणे.

पण आता बोललेच आहे तर एक काम करा माझं. त्याच्या हातच्या ढेपा असुंतानं मातीला आलेल्या लोकांत वाटून टाकल्या, म्हणून तर दुकानातल्या मुरवत बसले, त्याच आवाजाच्या होईपर्यंत. आज सकाळी वाजवली, तंतोतंत तशी झालीय. फळीवरची ढेप वाजवलेली आणि जमिनीवरची वाजवलेली, वरनं वेगळी ऐकू येते का — मला कळायला हवं होतं का — एवढंच मला हवंय. एकटीनं कसं करू, खाली असते तेव्हा वर कोण ऐकणार. गावातल्या कुणाला सांगायची सोय नाही. तुम्ही इथंच, चुलीपाशी बसून राहा, मी जेवत होते तिथं. उठू नका हो, हात धरायला नको, उतरते मी नेहमीची.

ऐकू येतंय का, बाई? — ही फळीवरची, पहिली. झाली. — आता खाली बसतेय, गुडघे जरा — थांबा — आता ही दुसरी, जमिनीवरची. — झालं, येते वर.

हां. बोला. — सारखीच? नीट आठवून सांगा, पहिली आणि दुसरी. — अजिबात फरक नाही म्हणता. कुणालाच कळलं नसतं म्हणता, आणि मी उगाच जिवाला लावून घेतलंय.

बाई, दुसऱ्यांदा मी वाजवलंच नाही. ढेप जमिनीवर ठेवली, पेरं वर नेली, आणि हात खाली येईना.

रडू नका. तुमचं मन चांगलं आहे, त्याला मी काय करू. ही ढेप घेऊन जा, चांगली मुरलीय, पातळ कापून खा. मला अजून दुसरी आणायला दुकानात जायचंय, ते एक वाजता बंद करतात. निघा आता.