शस्त्रांना संधी

मंचरच्या स्टँडवर भीमाशंकरच्या गाडीची वाट बघत ठकूबाई बसल्या होत्या. शेजारी तळेघरच्या सासू-सुना. सुनेचा नवरा गोरख फौजेत, सीमेवर.

"आत्या, रडता कशाला? काय ऐकलं तुमी?"

"टीव्हीवर सांगितलं, शस्त्रसंधी झाली म्हणून. आता शस्त्रांनाच संधी दिली, मग माझा गोरख कसा वाचायचा गं?"

"आवो, शस्त्रसंधी म्हंजी तह! लढाई थांबली. ह्यो बघा, ह्यांचा मेसेज आलाय आत्ताच. बरं हाय म्हणत्यात."

"थांबली? आन् पलीकडचा तो गप बसला? त्यांच्या त्या फौजेच्या सायबाला लई मोठं व्हायचंय, वर बाहेरचे देश त्याला लढाईची इमानं देत्यात. बांध कोरणाऱ्याला कुणी फुकट ट्रॅक्टर दिल्यावर तो थांबंल व्हय?"

"इमानं देणाऱ्यांनीच हात आखडता घेतला म्हणं."

"मग आधीच घ्यायचा की मेल्यांनी!"

ठकूबाईंना एकाहत्तरच्या लढाईत ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद आठवले.

"कालपासनं पोटात अन्न नाय आत्यांच्या," सून त्यांना म्हणाली.

ठकूबाईंनी पिशवीतली भाकरी काढली. "घ्या बाई, खा आता."

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले.

"चटणी हाय का?"