बटर पेपर लावा, बाबा

भोंऽऽऽ! तुम्हाला सांगतो, असा वाजायचा खडकीला आमच्या कारखान्याचा भोंगा. मेलेला माणूससुद्धा डबा घेऊन कामावर निघेल! आणि हा सुनेचा ओव्हन? टिंग! मुंगी शिंकल्यासारखं... माझ्या सत्तरीच्या कानांना ते ऐकू यायचं कसं? आणि वर म्हणे, सोप्पं आहे!

म्हणाला कोण, तर आमचा मुलगा, समाधान. तो आणि सून कल्याणी, दोघंही खराडीला कॉम्प्युटरवर. कल्याणीला तिसरा महिना, आणि पोटात पाणीसुद्धा ठरत नाही हो! पोरगी सुकत चालली. परवा कशीबशी म्हणाली, "बाबा, बदामाची बिस्किटं असती तर खाल्ली असती." मी तसाच चप्पल घालून बेकरीत गेलो, तर बेकरीच्या जागी मोबाइलचं दुकान! तिथला माणूस विचारतो, "काका, रिचार्ज करायचंय?" आता रिचार्ज काय चहात बुडवून खायचं?

मग लावला समाधानला फोन. तो मीटिंगमध्ये, कुजबुजतोय, "बाबा, सोप्पं आहे. लोणी, पिठीसाखर, मैदा, बदामाची भरड. मळा, थापा, ट्रेमध्ये बटर पेपर लावा. ठेवतो." ठेवला पण!

आता तुम्हीच सांगा, बटर म्हणजे लोणी, पेपर म्हणजे पेपर. कालचा पेपर घेतला, त्याला लोणी चोपडलं... सढळ हातानं हं, पोटुशी पोर, कंजुषी कशाला?

टिंग झालं असेल. मला आला तो वास! बिस्किटं काढून उलटी केली, तर बुडाला अख्खी छपाई, तीही उलट्या अक्षरांत. आमची बायको, कांताबाई, चष्मा लावून आली. एक बिस्कीट आरशापुढे धरलं आणि वाचलं, "'अनुभवी आचारी पाहिजे.' अहो, बिस्किटाला कळलं, तुम्हाला कधी कळणार?"

"बुडं खरवडू की जरा..."

"नको! नातू पोटातनंच छोट्या जाहिराती वाचायला लागेल!"

सोप्पं आहे म्हणे! पुन्हा मळलं. उरल्या बदामात जेमतेम एक ताटली. या खेपेला ट्रेलाच तूप लावलं आणि टिंग ऐकायला कान काचेपाशी नेला. कान भाजला हो! पण बिस्किटं वाचली.

संध्याकाळी कल्याणी आली. पर्स खांद्यालाच. एक उचललं, हुंगलं. मी आणि कांता श्वास रोखून... आता पळते बेसिनकडे, मग पळते... नाही पळाली! चावलं. गिळलं. राहिलं हो पोटात! दुसरं उचललं. तिसरं!

कांताबाई हळूच डोळे पुसत म्हणते कशी, "बघा, सोप्पं होतं की!"

आता तुम्ही विचाराल, चव कशी होती? अहो, तेच बघायला मी हात पुढे केला, एकच, चवीपुरतं... तर पोरीनं माझ्याकडे एकदा बघितलं, ताटली छातीशी धरली, आणि सरळ आपल्या खोलीत निघून गेली.