मशीनला टांगलेली झोळी

(इंद्रायणीच्या काठावरचं कॅम्पिंग, पुराच्या पाण्यासाठी घातलेला अर्धवट बांध. बंद जेसीबीच्या उचललेल्या दांड्याला पातळाची झोळी टांगलेली, आत सात महिन्यांची पोर झोपलेली. झोळीची दोरी राजेश्वरीच्या हातात. समोर तिचा धाकटा भाऊ संदेश, बाजूला दगडावर त्यांची आई रतनबाई.)

संदेश : ताई, झोळी सोड.

राजेश्वरी : हळू बोल. आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा.

संदेश : हळूच बोलतोय. डायव्हर तिकडं चहाच्या टपरीवर बसून सगळ्यांना सांगतोय, मालकाच्या बहिणीनं मशीनचा पाळणा केला म्हणून. हसतायत सगळे.

राजेश्वरी : हसू देत. हसताना मशीन चालवता येत नाही.

रतनबाई : राजे, पोरीच्या तोंडावर उन्हाची तिरीप येतीया. पदर ओढ की जरा.

राजेश्वरी : ओढला, आई.

संदेश : आई, तू तिला झोळी सोडायला सांग. पदर कसला ओढायला सांगतीस?

रतनबाई : ऊन आलं तर ऊन आलं म्हनायचं न्हाई व्हय?

संदेश : ताई, ऐक. पाऊस तोंडावर आलाय. शनिवारी पूर्ण कॅम्प बुक आहे. मुंबईची माणसं येणार आणि लॉनच्या कडेला हे असलं भगदाड बघणार. मला बांध पुरा करायचाय.

राजेश्वरी : आणि मला राहायचंय. पलीकडं बघ. तारेवर पिवळं दुपटं वाळत घातलंय ना, ते माझं घर. तुझ्या लॉनच्या आणि माझ्या अंगणाच्या मध्ये फक्त नदी आहे. तू तुझ्या बाजूनं डोक्यावर जाईल एवढी भिंत घातलीस तर पाणी कुठं जाईल?

संदेश : खाली जाईल. नदी आहे, खालीच जाते.

राजेश्वरी : पूर आला की आजवर अर्धं पाणी तुझ्या या जमिनीवर पसरायचं. आपल्या आबांनी इथं भात लावला, घर नाही बांधलं. उगाच?

संदेश : भात होता तेव्हा भात बुडायचा. आता इथं माणसं झोपतात. दोन वर्षांपूर्वीची पहाट तू नाही बघितलीस.

राजेश्वरी : बघितली. पलीकडून बघितली.

संदेश : पलीकडून काय दिसतं? कमरेएवढ्या पाण्यात टॉर्च तोंडात धरून एकेका तंबूची चेन उघडत फिरलोय मी. आत कोण राहिलंय का बघायचं, पुढच्या तंबूकडं जायचं. एक तंबू जागेवरच नव्हता, ताई. चार खुंट्या होत्या फक्त. तेव्हापासून पाऊस वाढला की मला झोप येत नाही. बांध काय नुसता बुकिंगसाठी बांधतोय होय मी?

राजेश्वरी : त्या तंबूतली माणसं कुठं सापडली?

संदेश : माहितीय तुला.

राजेश्वरी : तुझ्या तोंडून सांग.

संदेश : तुमच्या थडीला. करंजाच्या मुळ्यांना धरून होती दोघं नवराबायको. दाजींनी आणि तुझ्या सासऱ्यांनी दोर टाकून वर घेतली.

राजेश्वरी : ती बाई माझा गाऊन घालून माझ्या घरात बसली होती. मी भात कालवून भरवला तिला. आणि घर कोरडं होतं, संदेश. तुमचं सगळं पाण्यात आणि आमची चूल पेटलेली. का?

संदेश : उंचावर आहे तुमचं.

राजेश्वरी : घर नाही उंचावर. नदीकाठची मातीची थड उंच होती, तिच्या आडोशाला होतं घर. आता कुठंय ती थड?

संदेश : ते तू दाजींना विचार.

राजेश्वरी : होळीला इथून सासरी गेले त्याच दिवशी विचारलं. म्हणाले, खाचर सपाट करून घेतलं. म्हटलं, करंज? म्हणाले, वाळला होता. म्हटलं, माझा धुण्याचा दगड? म्हणाले, कुणी नेला असेल. खरं बोलले बिचारे. कुणीतरीच नेला. तो बघ.

संदेश : कुठं?

राजेश्वरी : तुझ्या बांधाला दगड लावलेत ना, त्यात खालून तिसऱ्या थरात. मध्ये खोलगट झालाय आणि एक कड निळी आहे. माझ्या सासूबाईंनी जन्मभर त्या कडेवर नीळ कालवली. मी आज भांडायला नव्हते आले. आईला अळूची पानं द्यायला आले होते. नदीकडून चालत आले आणि तो दिसला. मग घरात जाऊन दांडीवरचं पातळ ओढलं आणि ही झोळी बांधली.

रतनबाई : माझं चांगलं पातळ घेतलंस ते.

राजेश्वरी : हाताला आलं ते घेतलं.

संदेश : ताई, ते असं काही मनात ठेवून…

राजेश्वरी : हळू.

संदेश : हळूच. मला माती लागत होती. दाजी म्हणाले, थड काढली तर आमचं अजून एक खाचर निघेल, तू मशीन लाव, माती ने. त्यांना जमीन, मला माती. बाहेरचा कुणी मध्ये नाही, घरातल्या घरात झालं.

राजेश्वरी : घरातल्या बाईला कुणी विचारलं?

संदेश : तू बाळंतीण होतीस.

राजेश्वरी : होते. तुझ्याच घरात, रस्त्याकडच्या मधल्या खोलीत. डोक्याला रुमाल बांधून अळीव खात बसले होते. तुला एकदा म्हटलं, संदेश, डंपरनं यशू दचकून उठते रे. काय केलंस तू?

संदेश : जाऊ दे ना आता.

राजेश्वरी : काय केलंस?

संदेश : दुपारी ती झोपायची तेवढा वेळ डंपर बंद ठेवायला लावले.

राजेश्वरी : त्या दिवशी मी आईला म्हटलं, भाऊ असावा तर असा. भाचीच्या झोपेसाठी चालू काम थांबवतो. म्हटलं होतं का नाही, आई?

रतनबाई : म्हनली व्हतीस.

राजेश्वरी : आणि त्या डंपरात माझीच थड होती. मी यशूला खिडकीत धरून दाखवायचे, बघ, मामाचा डंपर आला. पुलावरून वळसा घालून माझ्या डोळ्यासमोर माझं अंगण वाहून आणलंत. आई, तुला माहीत होतं?

रतनबाई : झोळीचा पदर सरकला बघ.

राजेश्वरी : आई.

रतनबाई : ठावं व्हतं.

राजेश्वरी : माझ्या उशाशी बसायचीस तू. पाठ शेकायचीस माझी.

रतनबाई : वली बाळंतीन तू. सांगितलं असतं तर घोर लावून घेतला असतास. दूध आटलं असतं. म्हनलं, जरा अंग धरू दे पोरीला.

राजेश्वरी : आणि होळीला माझी ओटी भरलीस तेव्हा?

रतनबाई : तवा म्हनलं, झालं ते झालं. गेलेली माती काय माघारी येतीया व्हय.

राजेश्वरी : नवऱ्यानं सांगितलं नाही, भावानं सांगितलं नाही, आईनं सांगितलं नाही. सगळ्यांनी मला जपलं. एवढं जपलं की आता नदी पाळण्याखाली येईल माझ्या.

संदेश : नाही येणार. पुढच्या वर्षी तुमच्या बाजूलाही बांध घालून देतो. शब्द आहे माझा.

राजेश्वरी : पुढच्या वर्षी. हे नदीला कुणी कळवायचं, तू का मी?

संदेश : या पावसात जरा काही वाटलं तर सगळी इकडं या. चांगली कॉटेज देतो तुम्हाला, गरम पाण्याची.

राजेश्वरी : येते की. सासूबाईंना घेते, मामंजींना घेते, म्हशी घेते. म्हशी तुझ्या त्या फोटोवाल्या झोपाळ्याला बांधते. येणाऱ्यांना सांग, हा आमचा खास गावरान अनुभव, नाश्त्यासकट. आणि पूल पाण्याखाली गेल्यावर कुठून येऊ रे?

संदेश : पाणी चढायच्या आधीच निघायचं.

राजेश्वरी : त्या नवराबायकोला धरायला करंज होता. आम्ही वाहत आलो तर तुझ्या भिंतीला कुठं धरायचं? कुठं हात पुरेल ते दाखवून ठेव. यशूचा तर पुरणारच नाही.

संदेश : असलं अभद्र बोलू नको.

राजेश्वरी : करताना चाललं, बोलताना अभद्र.

रतनबाई : चुळबुळ करतीया पोर.

राजेश्वरी : बघते मी.

संदेश : थांब. तू रागात आहेस, झोका जोरात बसेल. दोरी दे.

राजेश्वरी : दोरी देते. मशीन देत नाही.

संदेश : यशू. यशूबाई. मामा आहे गं, मामा. झोप.

रतनबाई : त्येच्या हाताला निजती ती. पयल्यापासनं.

राजेश्वरी : माहितीय मला.

रतनबाई : संद्या, आता दोरी तुझ्या हातात हाय. उचल पोर, दे हिच्याकडं. सोड झोळी, लाव मशीन. कोन आडवनार तुला? ही काय पोटच्या पोरीला घिऊन मशीनीम्होरं आडवी व्हनार न्हाई.

राजेश्वरी : आई, काय बोलतीस?

रतनबाई : तू गप. मी गप ऱ्हायले तवा काय झालं बघितलंस नव्हं? लाव म्हनते मी. फकस्त डायवरला बोलवू नगंस. तुज्या हातानं पोर उचल आन् तुज्या हातानं मशीन लाव.

संदेश : झोपली परत.

राजेश्वरी : मग?

संदेश : थांब, फोन लावतो. हॅलो. चहा झाला असला तर पहार घेऊन या. नाही, मशीन नाही. मशीनला हात लावायचा नाही. पहार म्हटलं मी, पहार.

राजेश्वरी : पहार कशाला?

संदेश : तुझा दगड काढायला.

राजेश्वरी : दगड हातात देऊन मला वाटेला लावतोस?

संदेश : तसं नाही. ती उठली की मशीन पुलावरून पलीकडं नेतो, मागून डंपर. पण थड कुठवर होती ते दाजींना विचारलं तर खाचर वाचवायला चार पावलं आत दाखवतील. दगड कुठं होता ते तुला माहीत आहे. तू तो जागेवर ठेव, मी तिथून माती टाकत येतो.

राजेश्वरी : आणि तुझा बांध?

संदेश : उतरवतो.

राजेश्वरी : शनिवारच्या माणसांना काय सांगशील?

संदेश : पैसे परत करतो. शिव्या देतील, खाईन. पावसाळाभर खालचे सगळे तंबू उठवतो. वर रस्त्याकडेला बसतील तेवढेच.

राजेश्वरी : तुझी झोप?

संदेश : नव्हतीच ती.

राजेश्वरी : माझा राग गेलेला नाही, संदेश.

संदेश : माहितीय.

राजेश्वरी : तुझ्या दाजींशी तर मी अजून बोललेच नाही. संध्याकाळी कंपनीतून येतील. डबा धुवायच्या आधी बोलणार आहे.

रतनबाई : माज्यावरला बी ऱ्हाऊ दे.

राजेश्वरी : राहीलच. तुझ्यावरचा सगळ्यात शेवटी जाईल.

रतनबाई : तवर जगते मी. आन् संद्या, ती दोरी हिकडं दे, तू जा तिकडं.

संदेश : ताई, पण तो दगड मध्येच अडकलाय. पहार घातली तर वरचे सगळे ढासळतील.

राजेश्वरी : ढासळतील तर आवाज होईल.

संदेश : तेच म्हणतोय.

राजेश्वरी : मग वरून सुरुवात कर. एकेक दगड हातानं खाली घे आणि गवतावर ठेव, टाकू नको. पोरगी झोपलीय.