शेवटची चढाई

म्हसळ्याच्या एसटी स्टँडवर फिरोजा पनवेलच्या गाडीची वाट पाहत बसली होती. बाकावर शेजारी दोन म्हातारे बोलत होते.

"अंबाजी, कबड्डी हाय ती. हरलो तर हरलो."

"हरलो न्हाय रे गोपाळ, हातानं घालवली. सेमी फायनल, गुण सारखे, त्यांची शेवटची चढाई. त्यांच्या गड्याचं बोट ऋत्विकच्या खांद्याला लागलं. पंचाला दिसलं न्हाय, त्या गड्यालाबी कळलं न्हाय."

"मग?"

"मग काय! आपला ऋत्विक हात वर करून आपणहून बाहेर. एका गुणानं गेलो. गप उभा ऱ्हायला असता तर बरोबरी सुटली असती, मग निकालासाठी पाच-पाच चढाया मिळाल्या असत्या. सोळा वर्षांनी गाव इथवर पोचलं होतं!"

"असलं त्याला शिकवलं कुणी?"

अंबाजीनं टॉवेलनं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिला.

"मीच. भाताच्या खाचरात मैदान आखून. लागलं की हात वर करायचा, पंचाकडं बघायचं न्हाय."

"मग तू काय बोललास त्याला?"

"सामना सुटल्यावर पाया पडायला आला. मी पाय मागं घेतले."

पनवेलची गाडी लागली. फिरोजाच्या आधी अंबाजीच उठला.

"अरे, तू कुठं निघालास?"

"न्हावा शेव्याला. तिथं कामाला असतो तो."