व्हिनेगरचा पेला

नाही नाही, तुम्ही आधी ऐका, मग मशीन उघडा — कारण चूक बहुधा माझीच आहे, आणि ही बहिणीकडून परत यायच्या आत मला ती निस्तरायची आहे. मुलीनं हौसेनं आईला घेऊन दिलेलं मशीन, ते मी मारून ठेवलं म्हटल्यावर काय होईल? फार काही नाही, पण जे होईल ते रोज जेवताना होईल.

तर झालं असं — वास यायला लागला. भांडी धुवायचं मशीन, आणि त्यालाच वास. ही म्हणाली, गेलं हे, आता माणूस मिळेपर्यंत हातानं धुवू. मी म्हटलं, अगं, माझी हयात घड्याळं उघडण्यात गेली, हे काय मोठं? तर म्हणाली, तुम्ही हात लावू नका. आता, हात लावू नका म्हटलं की माझे हात शिवशिवतात — आज ती आयती बाहेर गेली, लागलो कामाला. खालची जाळी काढली — काय काय होतं त्यात, भाताची शितं, लिंबाच्या बिया, शर्टाचं बटण, तेही माझंच. जुन्या टूथब्रशनं घासली. पाणी उडवणाऱ्या पंख्याची भोकं टूथपिकनं मोकळी केली, एकेक, घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून — हसू नका. दाराच्या रबराला खायचा सोडा चोळला. मग वरच्या कप्प्यात पेलाभर व्हिनेगर ठेवलं आणि दाबलं बटण. नुसतं गुरगुरतंय, पाण्याचा थेंब नाही. तसाच तुम्हाला फोन लावला. व्हिनेगरनं आतलं काही खाल्लं का हो? नाही? मग सोड्यानं?

ते स्टूल घ्या की, उकिडवे किती वेळ बसाल. खरं सांगू का, घाई अशी नाहीये. हातानं धुतोय ते बरं चाललंय. ही घासते, मी पुसतो. हे मशीन आल्यापासून जेवण झालं की ती टीव्हीपुढे, मी मोबाइल घेऊन आतल्या खोलीत — आता दोघं सिंकपाशी उभे असतो. काल तिनं तिच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकांची नक्कल केली, माझ्या हातातली बशी पडता पडता राहिली. इतका संसार झाला, ही नकला करते हे मला माहीतच नव्हतं. भांडी संपली तरी कढई पुन्हा घासायला घेते. मला आवडतं हो ते — तिला सांगू नका. पण मशीन सुरू व्हायलाच हवं, तिचे हात दुखतात ना. म्हणजे, म्हणाली नाही कधी. पण दुखत असणार.

अं? कुठला नळ? सिंकखालचा, मशीनला जाणारा? बंद आहे? मी नाही बंद केला. तिथं नळ आहे हेच मला आत्ता कळतंय — तिथं तिचे रबरी मोजे, साबण, घासण्या, माझा हात कशाला जाईल तिथं? आणि घरात आम्ही दोघंच. मग कोण —

थांबा. उघडू नका तो. होता तसाच घट्ट राहू द्या. जाळी जागेवर बसवा, आणि तो व्हिनेगरचा पेला द्या इकडे, ओतून टाकतो. तिनं तुम्हाला फोन केलाच तर सांगा, पार्ट मागवलाय, वेळ लागेल. बराच लागेल म्हणा. चला, उठा आता, जिन्यात तिच्याच चपला वाजतायत — आणि माझं पुसायचं फडकं कुठं गेलं?