कोदोवरच्या बहिणी

(भोपाळ, १९५८. सरकारी क्वार्टरचं स्वयंपाकघर. शनिवार, दिवेलागणीची वेळ.)

वसुधा : आई, डब्यात काय होतं?

आई : कुठल्या डब्यात?

वसुधा : सकाळी पदराखाली घेऊन माकडघराकडे गेलीस तो. बाळूनं सांगितलं मला.

आई : त्या चौकीदाराच्या हातावर अर्धा प्रसाद ठेवला होता मी! मेल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

वसुधा : काय होतं?

आई : फुटाणे अन् गूळ. नागपूरला दर शनिवारी मारुतीला जात होते. इथे देवळात जायचं तर तलावाला वळसा पडतो. म्हटलं, आपल्या टेकडीवर जिवंत वानरं आहेत, त्यांच्याच मुखी घालावं.

वसुधा : कधीपासून चाललंय हे?

आई : तुझी अन् या माकडांची इथे बदली झाली तेव्हापासून. राज्य बदललं, मारुती नाही बदलला.

वसुधा : आणि अंगणातल्यांनाही दिलंस, की फक्त पिंजऱ्यातल्यांना?

आई : अंगणातल्यांना काय कमी आहे? केळी, दूध, भिजवलेले हरभरे. ढेकरा देऊन राहिल्यात त्या.

वसुधा : अगं, तेच तर माझं काम होतं! एकेका माकडिणीच्या दोन-दोन मुली. रक्त एकच. एक अंगणात, भरपूर खायला. दुसरी लहानपणापासून पिंजऱ्यात, नुसत्या कोदोवर, त्या हलक्या भरड धान्यावर. म्हातारपण रक्तातून येतं की ताटातून, ते पाहायचं होतं. तू माझी सगळी वर्षं गुळात घातलीस.

आई : दोन मुली. एक अंगणात, एक पिंजऱ्यात. हे तुला सुचलं तरी कसं गं?

वसुधा : सुचावं लागलं नाही, आई. थांब, मला तसं म्हणायचं नव्हतं.

आई : तसंच म्हणायचं होतं. म्हण. दिवाळीला कांचन आली होती ना, पाठ वाकलेली, केस विरळ झालेले, तेव्हा समोरच्या मनोरमाबाईंनी मला विचारलं, या तुमच्या धाकट्या बहीण का? मी हो म्हटलं.

वसुधा : हो म्हटलंस?

आई : मग काय सांगू? ही माझी मुलगी, वसूपेक्षाही तीन वर्षांनी लहान? त्यांनी विचारलं असतं, असं कसं झालं. तुझ्या बाबांची नोकरी गेली होती. एकीला आर्वीला आत्याकडे ठेवायचं ठरलं. तू शाळेत हुशार, म्हणून तू राहिलीस. आत्या वाईट नव्हती. पण त्या घरात कण्यांची पेज, तीही पुरुषांची पानं उठल्यावर.

वसुधा : मला ठाऊक आहे.

आई : कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातली ती एक आहे ना, ती फुटाणे गिळत नाही. गालात साठवून ठेवते. कांचननं दिवाळीत चकली पदरात बांधून ठेवली होती. चाळिशी आली तिची. मी ते पाहिलं, अन् पुढच्या शनिवारी डबा जास्त भरला.

वसुधा : परवा सचिवालयातली माणसं येणार आहेत. काम चोख दिसलं तर माकडघर राहील. नाहीतर सगळ्या जणी दिल्लीच्या व्यापाऱ्याकडे. तो विमानानं परदेशी पाठवतो, लशी तपासायला.

आई : तिथून परत येतात?

वसुधा : नाही.

आई : मग सांगू नकोस. बाळूला मी गप्प करते.

वसुधा : पिंजऱ्यातल्यांची वजनं वाढली आहेत, आई. ती कशी गप्प करशील?

आई : कोदो चांगला निघाला म्हण.

वसुधा : आणि उद्या माझ्या शब्दावर कुणी म्हणालं, कोदोवरही मुली ठीक वाढतात, अनाथाश्रमातल्या पोरींना दूध कशाला?

आई : नको. गुळाचं सांग. आईनं घातला म्हणून सांग.

वसुधा : सांगणार आहे. आमचे वरिष्ठ नीळकंठराव संतापतील, पण सांगणार. आणि विचारणार, आता निराळं काही पाहू द्याल का? लहानपणी उपाशी राहिलेलीला मोठेपणी खाऊ घातलं, तर काय भरून येतं, ते.

आई : ऐकतील ते?

वसुधा : मला नाही वाटत. साहेब लोकांना पहिल्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

आई : तू तर रोज पाहतेस त्यांना. काय भरून आलं?

वसुधा : केस. पाठीवरचे गेलेले केस पुन्हा आलेत. दाट आलेत.

आई : अन्?

वसुधा : दात नाही आले. पाठीचा बाक नाही गेला. हाडं लहानपणीच काय ती घडतात.

आई : गूळ वाढवला तरी?

वसुधा : तरी नाही.

आई : कांचनला लिही. म्हणावं, उन्हाळ्यात ये, अन् पावसाळाही इथेच काढ.

वसुधा : आई, तिचा बाक आता...

आई : कळलं मला ते. केसांपुरतं तरी येऊ दे.